कार्डावर काय छापू: होस्ट, अँकर, कॉम्पिअर की एमसी?

रामबागचा_भिया (धागाकर्ता)
मंडळी, नमस्कार. कोजागिरीच्या कार्यक्रमाचं कार्ड छापायला द्यायचंय. मराठी बाजू एका बैठकीत झाली: प्रास्ताविक, निवेदन, गाणी, गप्पा, आभार, मग मसाला दूध. गाडी अडलीय इंग्रजी बाजूवर. यंदा ती हवीच. एक तर खर्चाचा मोठा वाटा एका बँकेनं उचललाय आणि त्यांच्या वरच्या साहेबांना मराठी येत नाही. शिवाय आमच्या सभासदांची नातवंडं मराठी बोलतात फर्डं, पण छापलेलं वाच म्हटलं की आजीकडे बघतात.

निवेदन करणार आहेत आमच्याच कॉलनीतल्या काकू. त्यांच्या नावाआधी इंग्रजीत काय घालायचं यावर समितीचं एकमत होईना. सचिव म्हणतात होस्ट. पोरं म्हणतात अँकर. कोषाध्यक्षकाका म्हणतात, आमच्या वेळी कॉम्पिअर म्हणायचे, तेच लिहा. कुणीतरी एमसी, म्हणजे मास्टर ऑफ सेरेमनीज, सुचवलं तर मागे बसलेली पोरं खिदळायला लागली. का, ते इंदूरकरांना सांगायला नको. त्यात बँकेचा निरोप आला की वर ठळक अक्षरांत 'होस्टेड बाय' लिहून त्यांचं नाव टाका. म्हणजे काकूही होस्ट, बँकही होस्ट. मग सभागृहाचं भाडं भरणारं आमचं मंडळ कोण?

शब्दकोश उघडले. होस्ट बघा तर एमसी, एमसी बघा तर कॉम्पिअर, कॉम्पिअर बघा तर परत होस्ट. जाणकारांनी सांगावं.

गराडू_बारमाही
सूत्रसंचालक हाच शब्द इंग्रजी अक्षरांत छापा. विषय खलास.

रामबागचा_भिया
बँकेचे साहेब चेन्नईचे आहेत हो. त्यांना तो कुणाचा तरी हुद्दा वाटेल.

शब्दपिसाट
होस्टपासून सुरुवात करते, कारण खरा घोळ त्याच शब्दाचा आहे.

होस्ट म्हणजे मुळात घरधनी. ज्याचं दार, ज्याचं ताट, ज्याचं आमंत्रण, तो होस्ट. लॅटिनमध्ये 'होस्पेस' हा शब्द गंमतीशीर आहे: पाहुणा आणि पाहुण्याला घरात घेणारा, दोघांनाही तोच. हॉस्पिटल, हॉस्टेल, हॉटेल ही सगळी त्याच कुळातली भावंडं, आणि इंग्रजीतला 'गेस्ट' हाही लांबचा चुलतभाऊच लागतो. थोडक्यात, बोलण्याशी या शब्दाचा काही संबंध नव्हता. मुका माणूसही उत्तम होस्ट असू शकतो.

बोलणारा होस्ट आला रेडिओ-टीव्हीबरोबर. अमेरिकेतला टॉक शो आठवा. सोफा, टेबल, कॉफीचा मग, एकामागून एक येणारे 'गेस्ट'. सगळा देखावा दिवाणखान्याचा. तिथे मधे बसलेल्या माणसाला होस्ट म्हणणं बरोबरच वाटतं, कारण तो पाहुण्यांना आपल्या घरी बोलावल्याचं सोंग करत असतो. कार्यक्रमही बहुतेक वेळा त्याच्याच नावाने चालतो. पण तुमच्या काकू कुणाला घरी बोलावत नाहीयेत. त्या मंडळाच्या घरी आलेल्या लोकांशी मंडळाच्या वतीने बोलताहेत. म्हणून कार्डावर होस्ट एकच: मंडळ.

ऑस्करचं उदाहरण घ्या. २०१९ च्या सोहळ्याला होस्टच नव्हता, नंतरची दोन वर्षंही नव्हता. सोहळे मात्र व्यवस्थित झाले. पाकीट फोडून नाव वाचणारे प्रेझेंटर होते, पडद्यामागून नावं पुकारणारा आवाज होता. आणि मूळ अर्थाचा होस्ट, म्हणजे अकादमी, ती कुठे जाणार!

अटलांटाचा_राजेंद्रनगरी
शब्दपिसाट ताईंशी पूर्ण सहमत. इकडे "आय अ‍ॅम होस्टिंग" म्हटलं की ऐकणारा पहिल्यांदा विचारतो, "काय आणू?" म्हणजे जेवण तुमच्याकडे आहे हे त्यानं गृहीत धरलेलं असतं. मंडळाच्या दिवाळीला आम्ही व्यासपीठावरच्या माणसाला सरळ एमसी म्हणतो, आणि इ-ई-एम-सी-ई-ई असं अक्षरं फोडून केलेलं 'एमसी' हे स्पेलिंगही चालतं. त्याचं क्रियापदही झालंय.

गराडू_बारमाही
अमेरिकेत चालत असेल भाऊ. इथे छप्पन दुकानच्या खाऊगल्लीत उभं राहून "आज मी एमसी आहे" म्हणून दाखवा.

अटलांटाचा_राजेंद्रनगरी
:) कबूल. बाय द वे वर स्पेलिंगमध्ये एक इ जास्त पडला. ई-एम-सी-ई-ई.

पडद्यामागचा
मी याच धंद्यात आहे. लग्नाचे संगीत, कंपन्यांच्या डीलर मीट, सगळं करतो. आमच्याकडे काय चालतं ते सांगतो, बरोबर-चूक तुम्ही ठरवा.

इंदुरात लग्नवाले 'अँकर' मागतात. कंपनीवाले 'एमसी' लिहून पाठवतात. माणूस तोच, जॅकेट वेगळं. संगीतला अँकरचं काम म्हणजे जावयाला नाचवणं, नाचणाऱ्यांच्या दोन जोड्यांच्या मधे कपडे बदलेपर्यंत वेळ मारून नेणं. कंपनीच्या कार्यक्रमात एमसीच्या हातात रन शीट असते, त्यात मिनिटामिनिटाचा हिशोब. त्याने चार विनोद कमी केले तरी चालतात, पण विभागप्रमुखाचं नाव आणि हुद्दा चुकला की पुढचं काम गेलं.

आणखी दोन माणसं असतात, ती प्रेक्षकांना दिसत नाहीत. "कृपया आपले मोबाइल बंद ठेवा" किंवा "प्लीज वेलकम ऑन स्टेज..." असा जो भारदस्त आवाज कुठूनतरी येतो, त्याला आम्ही व्हीओजी म्हणतो, म्हणजे व्हॉइस ऑफ गॉड. खोटं नाही, बिलावर असंच लिहितात. आणि कन्सोलपाशी हेडसेट लावून "लाइट गो, ट्रॅक गो" सांगणारा तो शो कॉलर. कार्यक्रम खरा चालवतो तो. एमसीनं पुढचं नाव घ्यायचं की थांबायचं हेही त्याच्याच इशाऱ्यावर.

कॉम्पिअर हा शब्द धंद्यात मेला आहे. गेल्या कित्येक वर्षांत एकाही गिऱ्हाइकाच्या तोंडून ऐकला नाही.

मालवा_हाउस_निवृत्त
पडद्यामागचा, मेला म्हणण्याची घाई नको. आकाशवाणीच्या जाहिराती काढून बघा, 'कॅज्युअल अनाउन्सर' आणि 'कॅज्युअल कॉम्पिअर' दोन्ही सापडतील, आणि ती दोन वेगळी कामं आहेत.

इंदूर केंद्र १९५५ सालचं. माझी उमेदवारी तिथेच गेली. अनाउन्सर, म्हणजे उद्घोषक, हा केंद्राचा आवाज. "ये आकाशवाणी का इंदौर केंद्र है", वेळ, पुढे काय ऐकाल, तांत्रिक अडथळा आला तर दिलगिरी. त्यात त्याचं स्वतःचं काही नसतं, आणि नसावं अशीच अपेक्षा असते. कॉम्पिअर एका विशिष्ट कार्यक्रमाचा. युववाणीचा, महिलांच्या कार्यक्रमाचा, शेतकऱ्यांच्या कार्यक्रमाचा. तो श्रोत्यांशी बोलतो, पत्रं वाचतो, दोन गाण्यांमधे, दोन मुलाखतींमधे पूल बांधतो. माळव्यातल्या जुन्या माणसांना 'खेती-गृहस्थी'तले नंदाजी आणि भेराजी आठवत असतील. माळवीत एकमेकांची फिरकी घेत घेत ते बी-बियाणं, खत, रोगराई सगळं सांगून जायचे. गावात लोक त्यांना खरी माणसं समजून आपल्या पिकाच्या अडचणी कळवायचे. हे अस्सल कॉम्पिअरिंग. त्यांना उद्घोषक म्हणा बरं! आणि अँकर म्हणून तर बघाच.

मूळ शब्द फ्रेंच. 'कोंपेअर' म्हणजे बाप्तिस्म्याच्या वेळी मुलाचा धर्मपिता होणारा, बापाच्या जोडीचा बाप. बोलीभाषेत त्याचा अर्थ साथीदार, मिळालेला गडी असाही होतो. पॅरिसच्या रेव्ह्यूंमध्ये, म्हणजे गाणी-नाच-नकला असे तुकडे जोडून केलेल्या खेळांमध्ये, असा एक कोंपेअर आणि त्याच्या जोडीला एक 'कोमेर' असायची. दोघं गप्पा मारत तुकडे जोडायचे. कोमेरचा फ्रेंचमधला दुसरा अर्थ चहाटळ बाई, गावगप्पा करणारी. पुरुष साथीदार आणि बाई चहाटळ, हे तिकडेही सुटलं नाही. तो शब्द विसाव्या शतकाच्या सुरुवातीला इंग्रजांनी उचलला, त्यांच्या रंगमंचावर आणि रेडिओवर रुळला आणि तिथून आपल्याकडे आला. अमेरिकेनं तो घेतलाच नाही, म्हणून अटलांटाकरांच्या कानावर पडत नसेल.

एक विनंती. स्पेलिंग सी-ओ-एम-पी-ई-आर-ई असं आहे. अर्ध्या निमंत्रणपत्रिकांवर 'ई'च्या जागी 'ए' असतो आणि निवेदिका बिचारी 'तुलना' करत बसते.

पडद्यामागचा
मॅडम, नंदाजी-भेराजींपुढे हात जोडले. आमचे आजोबा रेडिओ लावून शेतात जायचे. पण सरकारी जाहिरातीत टिकलेला शब्द म्हणजे चालता शब्द असं नाही. आजच्या पोरांना कॉम्पिअर म्हटलं तर त्यांना ते मोबाइलचे भाव ताडून पाहणारं अ‍ॅप वाटेल.

मालवा_हाउस_निवृत्त
पोरांना काय वाटेल यावर कार्ड छापायचं असेल तर 'भिया' असंच छापा, सगळ्यांना कळेल.

गराडू_बारमाही
पॉपकॉर्न घेऊन बसलोय. नाही, सेव-परमल.

होळकर_स्टँड
अँकरवर कुणी बोललंच नाही. अँकर म्हणजे द्रविड! जन्म इंदूरचा, हे सांगितल्याशिवाय आमचं पोट भरत नाही. एका बाजूने विकेट पडत असताना दुसरं टोक धरून ठेवणारा. शब्दाचा मूळ भाव तोच आहे. टीव्हीच्याही आधी रस्सीखेचीत शेवटचा जो दणकट गडी कमरेला दोर बांधून उभा राहतो तो अँकर मॅन, आणि रिले शर्यतीत शेवटचा टप्पा पळणारा तोही अँकर.

१९५२ साली शिकागोत अमेरिकेतल्या दोन्ही पक्षांची अधिवेशनं झाली, ती टीव्हीवर तासन्‌तास दाखवली. सीबीएस या वाहिनीचे बातमीदार सभागृहात सगळीकडे पसरलेले आणि मधे एका जागी वॉल्टर क्रॉन्काइट बसलेले. सगळे त्यांच्याकडे बातमी टाकणार, ते ती जोडून प्रेक्षकांना सांगणार आणि पुन्हा दुसऱ्याकडे नेणार. त्या कामाला अँकर म्हणायला लागले आणि शब्द जगभर गेला. आता सांगा, कोजागिरीच्या कार्यक्रमात कुठले बातमीदार पसरलेत? काकूंना अँकर का म्हणायचं?

अवांतर: त्याच १९५२ च्या डिसेंबरात रेडिओ सिलोनवर अमीन सयानींनी बिनाका गीतमाला सुरू केली. त्यांना काय म्हणायचं? अनाउन्सर म्हणावं तर फार तोकडं पडतं.

शब्दपिसाट
ब्रिटिश पद्धतीने प्रेझेंटर. तिकडे होस्ट, अँकर वगैरे फार म्हणत नाहीत. रेडिओवरचा, टीव्हीवरचा, बागकामाच्या कार्यक्रमातला, सगळे प्रेझेंटरच. बातम्या वाचणाराही कालपर्यंत फक्त न्यूजरीडर होता. आणि हाच प्रेझेंटर बक्षीस समारंभात आला की बक्षीस हातात देणारा होतो. हे भिया, तुमच्या कामाचं आहे, कारण तुमची बँक उद्या 'प्रेझेंटेड बाय' मागेल. प्रेझेंटेड बाय म्हणजे पैसे देणारा आणि प्रेझेंटर म्हणजे पैसे घेऊन बोलणारा. मधे एक प्रत्यय, बाकी सगळं उलटं.

रामबागचा_भिया
मागितलंच आहे. आज सकाळी मेल आला, "होस्टेड बाय नसेल तर प्रेझेंटेड बाय, पॉवर्ड बाय, काहीतरी द्या."

षडंग_पाठी
शब्दपिसाट ताई होस्टचं मूळ लॅटिनमध्ये शोधतात, पण आपल्याकडे याची वाटणी कितीतरी आधी आणि फार काटेकोर झालेली आहे.

यज्ञ करणारा यजमान. पण तो स्वतः मंत्र म्हणत बसत नाही. त्याने संकल्प सोडायचा, खर्च करायचा, दक्षिणा द्यायची, आणि फळ त्याचं. व्याकरणातही 'यजमान' हे रूप आत्मनेपदी आहे, म्हणजे क्रियेचं फळ कर्त्याकडे येतं. काम करणारे ऋत्विज वेगळे. होता ऋचा म्हणतो. अध्वर्यू प्रत्यक्ष हातांनी सगळं करतो, वेदी मोजण्यापासून आहुती टाकण्यापर्यंत. उद्गाता साम गातो. आणि ब्रह्मा नावाचा चौथा ऋत्विज दक्षिणेकडे बहुतांशी गप्प बसून असतो; कुणाचं काही चुकलं तर तेवढं दुरुस्त करतो. पडद्यामागचा यांचा जो शो कॉलर आहे तो मला अध्वर्यू आणि ब्रह्मा यांचं मिश्रण वाटला. काकू म्हणजे होता. मंडळ यजमान.

बँकेला फळ हवं असेल तर तिने संकल्प सोडावा, म्हणजे पुढच्या वर्षीचं सभागृह, दूध, खुर्च्या, सगळं अंगावर घ्यावं. मग छापा खुशाल होस्टेड बाय.

मी_तुकोगंजची
घरात "आमचे यजमान" म्हणजे नवरा. संकल्प ते सोडतात, दूध आम्ही आटवतो. अध्वर्यूची दक्षिणा अजून मिळाली नाही. हलके घ्या.

नाट्यगृहाची_मागची_रांग
सूत्रसंचालक हा शब्द सूत्रधारावरून आला म्हणतात, पण दोघांच्या कामात फरक आहे. संस्कृत नाटकात नांदी झाली की सूत्रधार येतो, नटीशी किंवा साथीदाराशी दोन शब्द बोलतो, कवीचं नाव सांगतो, नाटकाकडे बोट दाखवतो आणि जातो. पुढच्या अंकांत त्याचं काम नाही. १८४३ साली विष्णुदास भाव्यांनी सांगलीत सीतास्वयंवर केलं, त्या परंपरेत मात्र सूत्रधार साथीदारांसह रंगमंचावर उभाच राहायचा. कथा तो गाऊन पुढे न्यायचा, पात्रं येऊन आपापलं बोलून जायची, मधे विदूषकाबरोबर जुगलबंदी. आजच्या निवेदनाचा पूर्वज हवा असेल तर तो हा भाव्यांचा सूत्रधार.

मग कार्डावर सूत्रधार का छापत नाहीत? वर्तमानपत्रं उघडा. 'घोटाळ्याचा मुख्य सूत्रधार फरार'. शब्दाची वाट लागली ती लागलीच.

आणखी एक, आपल्याकडच्या हिंदीच्या सावलीतलं. इंदुरात आपण सर्रास म्हणतो, "संचालन कोण करतंय?" ते हिंदीतल्या मंच-संचालनावरून. पुण्याच्या पाहुण्यांना ते ऐकून वाटतं, इथे संस्थेचं संचालक मंडळ बदलतंय की काय. मला आपला शब्द आवडतो, मी बदलणार नाही. पण कार्डाच्या मराठी बाजूवर 'निवेदन' लिहिलंत ते बरं केलंत.

सर्कशीचंही असंच झालंय. इंग्रजीत रिंगमास्टर म्हणजे लाल कोट घालून रिंगणात खेळांची नावं पुकारणारा, म्हणजे सर्कशीचा एमसी. आपल्याकडे विचारा, रिंगमास्टर म्हणजे चाबूक घेऊन वाघाच्या पिंजऱ्यात शिरणारा. विष्णुपंत छत्र्यांनी १८८० साली देशी सर्कस उभी केली, तेव्हापासून हा शब्द आपल्या तोंडी कधी आणि कसा फिरला, कुणीतरी शोधायला हवं.

अटलांटाचा_राजेंद्रनगरी
मास्टर ऑफ सेरेमनीज हाही मुळात बोलण्याचा धंदा नव्हता. इंग्लंडच्या दरबारात १६०३ साली पहिल्या जेम्सनं हे पद निर्माण केलं. काम काय? परदेशी वकिलांचं स्वागत, कुणी कुणाच्या आधी चालायचं, कुणाला कुठे बसवायचं. ते पद आजही आहे, १९२० पासून नाव तेवढं बदललंय.

आणि अठराव्या शतकात बाथ नावाच्या गरम पाण्याच्या झऱ्यांच्या गावात ब्यू नॅश नावाचा एक छानछोकी गृहस्थ मास्टर ऑफ सेरेमनीज होता. त्याने नाचाच्या दिवाणखान्यात तलवारी आणायला बंदी केली. रात्री अकराच्या ठोक्याला वाद्यं बंद म्हणजे बंद, मग समोर कुणी राजकन्या का असेना. नवीन आलेल्या माणसाची ओळख करून देणं, कुणाला नाचायला जोडीदार नसेल तर बघणं, हेही तोच करायचा. घर त्याचं नाही, खर्चही त्याचा नाही. शिस्त त्याची.

माझ्या मते म्हणूनच एमसी या शब्दात थोडा अधिकार आहे, जो कॉम्पिअरमध्ये नाही. एमसी वक्त्याला "वेळ संपली" म्हणू शकतो. कॉम्पिअर फार तर खाकरेल.

मालवा_हाउस_निवृत्त
आम्ही खाकरायचो नाही. माइकचा फेडर खाली करायचो.

गराडू_बारमाही
😂😂 मॅडम +१

टोस्ट_विदाउट_चहा
टोस्टमास्टर राहिला. विलायतेत मेजवानीत लाल कोट घालून "आता अमुक तमुक बोलतील" असं पुकारणारा. टोस्ट हा शब्द आला दारूच्या पेल्यात टाकायच्या भाजलेल्या पावाच्या तुकड्यावरून. १९२४ साली राल्फ स्मेडली यांनी कॅलिफोर्नियात सांता आनाच्या वायएमसीएत भाषणाचा सराव करायला क्लब काढला आणि त्याला तेच नाव दिलं. आमच्या क्लबात दर सभेला एकजण 'टोस्टमास्टर ऑफ द डे' असतो, तो अगदी एमसीचंच काम करतो. पण तुमच्या कार्डावर नको. लोक चहा शोधतील.

रामबागचा_भिया
मंडळी, इतकं सुचवाल असं वाटलं नव्हतं. आता एक उरलेलं. मध्यंतरात अर्ध्या तासाचा 'गप्पा' म्हणून भाग आहे. एक डॉक्टर, एक शिक्षिका, एक तरुण तबलावादक, आणि त्यांना बोलतं करायला आमचे एक प्राध्यापक. त्या प्राध्यापकांना काय म्हणू? पोरं म्हणतात को-होस्ट.

जड_पाणी
को-होस्ट नको. झूमवरचा तो शब्द तिथेच शोभतो. तिथेही को-होस्टला बरेचसे अधिकार असतात, पण मुळात मीटिंग सुरू करता येत नाही.

प्राध्यापक मॉडरेटर. हा शब्द माझ्या जिव्हाळ्याचा, कारण अणुऊर्जा खात्यात आयुष्य गेलं. लोकांना वाटतं, अणुभट्टीत मॉडरेटर म्हणजे प्रक्रिया थोपवणारा. उलट आहे. विखंडनातून निघालेले न्यूट्रॉन इतके वेगात असतात की पुढच्या युरेनियमच्या केंद्रकाला लागूनही बहुधा काही घडवत नाहीत. पाणी किंवा जड पाणी त्यांचा वेग उतरवतं, म्हणूनच साखळी चालू राहते. थोपवायला नियंत्रक कांड्या निराळ्या असतात. प्राध्यापकांचं काम तेच. डॉक्टरसाहेब सुसाट सुटले की त्यांना जरा धीमं करायचं, म्हणजे त्यांचं वाक्य तबलावाल्यापर्यंत पोचेल आणि तो त्यावर काही म्हणेल. गप्प बसवायचं काम त्यांचं नाही, ते घड्याळ आणि अटलांटाकरांचा एमसी बघतील.

मॉडरेटरकडून दुसरी अपेक्षा निःपक्षपातीपणाची. १९६० साली केनेडी आणि निक्सन यांचा पहिला टीव्हीवरचा वाद झाला, तो हॉवर्ड के. स्मिथ यांनी सांभाळला. दोघांना वेळ वाटून देणं, नियम सांगणं, प्रश्नांची पाळी लावणं. स्वतःचं मत नाही. होस्टवर असं बंधन नसतं, त्याने आपल्या पाहुण्याची तारीफ केलेली चालते. प्राध्यापक स्वतःच वाद घालणारे असतील तर मात्र मॉडरेटर छापू नका, फसवणूक होईल.

रामबागचा_भिया
आमचे प्राध्यापक... असो. ते वाद घालतात. प्रेमाने घालतात.

शब्दपिसाट
मग 'इन कॉन्व्हर्सेशन विथ' असं छापा आणि तिघांच्या बरोबरीने त्यांचंही नाव द्या. कुणाच्या डोक्यावर टोपी नाही. मराठीत 'संवादक' छान आहे, तो स्वतःही बोलू शकतो.

मंडळाचा_जुना_माणूस
मी इंग्रजीतला नाही, पण बँकेबद्दल सांगतो. आपल्या साहित्य संमेलनांनी हा प्रश्न केव्हाच सोडवलेला आहे. इंदुरात १९१७ ला झालं, १९३५ ला झालं आणि २००१ ला विजयाबाई राजाध्यक्षांच्या अध्यक्षतेखाली झालं. दर संमेलनाला अध्यक्ष वेगळा, स्वागताध्यक्ष वेगळा. स्वागताध्यक्ष हा गावाच्या वतीने पाहुण्यांना या बसा म्हणणारा; गाडी, जेवण, मांडव, निधी ही त्याची काळजी. साहित्यावर बोलायचं ते अध्यक्षांनी. आणि या दोघांना व्यासपीठावर आणणारा, माइक पुढे करणारा तो निवेदक. तिन्ही कामं, तीन नावं, कधी गोंधळ नाही. देणगीदारांची नावं स्मरणिकेत, कमानीवर, मागच्या फलकावर. पैसे देणाऱ्याला कुणी कधी यजमान म्हटलेलं मी ऐकलं नाही.

बँकेच्या साहेबांना प्रमुख पाहुणे करा. चेन्नईचे आहेत तर मराठी गाणी ऐकून खूष होतील.

अटलांटाचा_राजेंद्रनगरी
उत्तम तोडगा. फक्त 'चीफ गेस्ट' हा शब्द इकडच्या लोकांना जरा नवखा वाटतो, आपल्या भागातल्या इंग्रजीत तो जास्त चालतो. पण कार्ड इंदूरचं आहे, चेन्नईलाही तो कळतो. छापा बिनधास्त.

पडद्यामागचा
धंद्याच्या भाषेत सांगतो: टायटल स्पॉन्सर, प्रेझेंटेड बाय, पॉवर्ड बाय, सपोर्टेड बाय, अशी उतरंड असते आणि प्रत्येकाचा भाव वेगळा. बँकेने सगळा खर्च दिलेला नाही ना? मग 'सपोर्टेड बाय' आणि लोगो मोठा. त्यांच्या मार्केटिंगवाल्याला शब्दापेक्षा लोगोची रुंदी महत्त्वाची असते, विचारून बघा. आणि तो लोगो मंडळाच्या नावाखाली, बाजूला नाही.

काकूंच्या बाबतीत माझं मत अजूनही एमसी किंवा अँकर. पण मॅडमशी वाद घालायची आता हिंमत नाही.

मी_तुकोगंजची
काकूंना कुणी विचारलं का?

रामबागचा_भिया
विचारलं. त्या म्हणाल्या, होस्ट म्हटलंत तर लोक दुधाची तक्रार माझ्याकडे आणतील, अँकर म्हटलंत तर मुलं रात्रीच्या बातम्यांमधल्यासारखं ओरडून दाखवायला सांगतील. पूर्वी त्या युववाणीत जायच्या, त्यामुळे कॉम्पिअर शब्दाला त्यांचा चेहरा खुलला. तेव्हा ठरलं:

होस्टेड बाय: मंडळाचं नाव
कॉम्पिअर: काकू
इन कॉन्व्हर्सेशन: चौघांची नावं, प्राध्यापकांसह
चीफ गेस्ट: बँकेचे साहेब
सपोर्टेड बाय: बँक, लोगो मोठा

बँकेच्या मार्केटिंगवाल्यानं खरंच फक्त रुंदी विचारली. आता छापखान्यातून फोन आलाय की कॉम्पिअरमधल्या पहिल्या 'ई'वर ती तिरकी रेघ द्यायची का, त्यांच्या फॉन्टमध्ये ती सापडत नाहीये.

मालवा_हाउस_निवृत्त
रेघेशिवाय चालतं, शब्दकोशांत दोन्ही रूपं आहेत आणि आकाशवाणीच्या कागदांवर ती रेघ मी कधी पाहिली नाही. प्रूफ आलं की त्या एका शब्दातला 'ई' आणि 'ए' मात्र स्वतः डोळ्यांनी तपासा, छापखान्यावर सोडू नका. संगणक आपणहून 'ए' करून ठेवतो.